छप्पर कोणाचे, बिल कोणाचे?

शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवा म्हणजे शाळांचे विजेचे बिल शून्यावर येईल, हा उपदेश हल्ली प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतो. मंत्री करतात, कलेक्टर करतात, कारखान्यांचे समाजसेवा विभागही करतात. उपदेशात खोटे काही नाही. शाळा दिवसा भरते, वीजही दिवसाच तयार होते. पॅनेलची किंमत गेल्या पंधरा वर्षांत अशी काही घसरली आहे की शेतमाल सोडला तर दुसऱ्या कोणत्या मालाचे भाव असे पडलेले आठवत नाहीत. मग एवढे सोपे आणि एवढे फायद्याचे काम होत का नाही?

सरकारी उत्तर तयार आहे. निधी कमी पडतो आणि लोकांत जागृती नाही. गेली पन्नास वर्षे कोणतीही योजना बुडाली की हीच दोन कारणे पुढे येतात. जागृतीचे म्हणाल तर ज्याच्या शिवारात सौर पंप उभा आहे त्याला ऊन आणि वीज यांचा संबंध मंत्रालयातून समजावून घ्यायची गरज नाही. आणि निधीचे म्हणाल तर हिशेब मांडून पाहू, तो पुढे येतोच. आमचे म्हणणे असे की शाळेच्या पॅनेलची पहिली अडचण मालकीची आहे. ज्याचे छप्पर आहे त्याला बिल दिसत नाही. ज्याला बिल दिसते त्याचे छप्पर नाही. आणि ज्याच्या हातात सही आहे तो पुढच्या बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेला आहे.

शेतकऱ्यांच्या पत्रिकेत शाळेच्या छपराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. शाळा आपलीच आहे म्हणून. आणि तुळिंजचे उदाहरण घेतो आहोत तेही मुद्दाम. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून तुळिंज रस्त्याने चालत गेले तर एका पिढीपूर्वी इथे भाताची खाचरे होती हे सांगूनही खरे वाटणार नाही. आज तिथे चाळीला चाळ आणि इमारतीला इमारत चिकटली आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती १२ लाखांवर गेली होती. त्यानंतर ती कमी झाली असे कोणी म्हणणार नाही. या चाळींत राहणारे कोण? कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेशातली शेती ज्यांना पोसू शकली नाही त्यांची पोरे. त्यांची मुले ज्या शाळांत जातात त्या शाळांची ही गोष्ट आहे.

आधी छपराचेच पाहू. तुळिंजमध्ये शाळा तीन तऱ्हेच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या, संस्थांच्या आणि भाड्याच्या इमारतीत चालणाऱ्या. तिघींचीही छपरे आहेत. पण 'हे छप्पर माझे आहे, त्यावर पंचवीस वर्षे पॅनेल राहतील' असे कागदावर लिहून देणारा माणूस तिन्ही ठिकाणी शोधावा लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेचा इतिहास पाहा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा झाल्या १९६२ साली. त्याआधी शाळा लोकल बोर्डाकडे होत्या. कित्येक शाळांच्या सातबाऱ्यावर अजून जुनीच नावे सापडतात, कुठे लोकल बोर्ड, कुठे ग्रामपंचायत, तर कुठे ज्याने जागा दिली त्या दात्याचे वारस. २००९ साली ४ नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. 'आमची गावे वगळा' म्हणून लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले, तो इतिहास या जिल्ह्याला सांगायला नको. कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे आवश्यक काम. पण महापालिका झाल्यावरही तिच्या हद्दीतल्या प्राथमिक शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. मध्ये २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, पालघर जिल्हा झाला, आणि शाळांच्या फायली ठाण्याहून पालघरला निघाल्या. शाळा महापालिकेकडे द्यायच्या की नाहीत, दिल्या तर शिक्षकांच्या पगाराचे काय, इमारतींचे काय, जमिनींचे काय, यावर पत्रापत्री चालली ती चाललीच.

आता अशा शाळेच्या मुख्याध्यापकाने पॅनेलसाठी अर्ज करायचा तर कोणाकडे? जिल्हा परिषद म्हणते, शाळा महापालिकेच्या हद्दीत, उद्या ती त्यांच्याकडे जाणार, आम्ही आज खर्च का करावा? महापालिका म्हणते, शाळा आमच्या ताब्यात नाही, लेखापरीक्षणात अडकू. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर. पावसात गळणारी खोली आणि बंद पडलेला पंखा मात्र दोघांच्याही हद्दीत नाही!

भाड्याच्या इमारतीतली शाळा तर आणखी अडचणीत. गच्ची सोसायटीची. बहुतेक ठिकाणी सोसायटीच्या नावावर जमीन झालेलीच नाही, म्हणजे गच्ची अजून बिल्डरची. बिल्डर कुठे आहे ते पोलिसांनाही ठाऊक नसते. आणि इमारतच अनधिकृत असली तर? २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे मेली. ज्या गावात इमारतींची ही अवस्था, तिथे पोरे खाली बसलेली असताना वर लोखंडाचा सांगाडा चढवायचा की नाही हे ठरवण्याआधी इमारतीची तपासणी झाली पाहिजे. बांधकाम तपासणीचा दाखला मागितला की निम्म्या संस्थाचालकांचा सौर उत्साह तिथेच मावळतो. कारण दाखला नापासाचा आला तर पॅनेल राहिले बाजूला, शाळाच बंद करावी लागेल. ही भीती खरी आहे, म्हणूनच तपासणी टाळण्याला आमची सहानुभूती नाही. पॅनेलच्या निमित्ताने तुळिंजमधल्या प्रत्येक शाळेच्या इमारतीची तपासणी झाली आणि एकही पॅनेल बसले नाही, तरी तेवढ्यासाठी सगळा खटाटोप कामी लागला असे आम्ही म्हणू.

पॅनेलचे वजन फार नसते. सांगाड्यासकट चौरस मीटरला १५ ते २० किलो. धडधाकट स्लॅबला ते जड नाही. खरी भीती वाऱ्याची. पॅनेल म्हणजे तिरके धरलेले सूप. वारा खालून शिरला की ते उचलू पाहते. या किनाऱ्यावर बांधकामाचे भारतीय मानक सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वाऱ्याचा हिशेब धरायला सांगते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्याकडे समुद्रातूनच पुढे गेले, इथे जमिनीवर आले नाही. तरी मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वारा नोंदला गेला आणि आपल्या वसई-पालघरमध्ये पत्रे पतंगासारखे उडाले. आता सांगाडा धरून ठेवायचा तर दोनच रस्ते आहेत. गच्चीवर सिमेंटचे ठोकळे ठेवून सांगाडा दाबायचा, म्हणजे वजन वाढले. किंवा स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकायचे, म्हणजे गळती सुरू. वसईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. ज्या मुख्याध्यापकाने तीन वर्षे खेटे घालून गच्चीवर डांबर मारून घेतले, तो भोके पाडायला आलेल्या मिस्त्रीला जिन्यातूनच परत पाठवतो. त्याला अडाणी म्हणणारे साहेब स्वतः कधी गळक्या वर्गात बसलेले नसतात.

यावर आपल्या भागातल्या लोकांनी आपल्यापुरता तोडगा काढलेलाच आहे. गच्चीवर लोखंडी खांब उभे करून पत्र्याची शेड टाकायची. गळती थांबते, गच्ची वापराला मिळते. मग पॅनेल त्या शेडवर का नको? चांगली कल्पना आहे, पण शेड पावसासाठी बांधलेली असते, वाऱ्यात पॅनेल सांभाळण्यासाठी नाही. शेड आणि पॅनेल यांचा आराखडा एकत्र करून, खांब कॉलमच्या डोक्यावर घेऊन बांधली तर एका खर्चात दोन कामे होतात. तसे होत नाही. कारण शेडचे पैसे दुरुस्तीच्या खात्यात आणि पॅनेलचे पैसे ऊर्जेच्या खात्यात. दोन खात्यांची टेंडरे एका दिवशी निघाली असे आजवर घडलेले नाही. जुन्या सिमेंट पत्र्याच्या शाळांचा तर प्रश्नच नको. त्या पत्र्यावर पाय ठेवला तरी तडा जातो.

आणि एवढे सगळे जमले तरी तुळिंजमध्ये ऊन आहे का? हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल. पण शाळा एक मजली, फार तर दोन मजली, आणि तिच्या कुंपणाला टेकून चार-पाच मजल्यांच्या इमारती. सकाळी अकरापर्यंत पूर्वेच्या इमारतीची सावली, दुपारी तीननंतर पश्चिमेच्या. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. दोन पॅनेलवर सावली पडली तरी साध्या जोडणीत साऱ्या माळेची वीज घसरते. प्रत्येक पॅनेलला वेगळे यंत्र लावून हे बरेचसे टाळता येते, पण खर्च वाढतो. आज ऊन आहे म्हणून पॅनेल बसवले आणि दोन वर्षांनी शेजारी आणखी दोन मजले चढले, तर तक्रार कोणाकडे करायची? १८८२ चा वहिवाटीचा कायदा वीस वर्षे मिळत आलेल्या उजेडाला आणि हवेला संरक्षण देतो, तेही इमारतीच्या संदर्भात. छपरावरच्या पॅनेलचे ऊन त्यात आपोआप बसते, असे गृहीत धरून कोणी पैसे गुंतवू नयेत. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. बांधावर शेजाऱ्याने निलगिरी लावली की आपल्या चार ओळींचे पीक जाते, तसेच हे आहे.

आता बिलाकडे येऊ. पाच खोल्यांची शाळा घ्या. दहा पंखे, दहा ट्यूब, एक टीव्ही किंवा संगणक, पाण्याची छोटी मोटर. सहा तास शाळा चालली तर दिवसाला सात-आठ युनिट जळतात. वर्षात शाळा साधारण २२० दिवस भरते. म्हणजे वर्षाचे झाले १५४० ते १७६० युनिट. १ किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे वर्षाला साधारण १३५० ते १४०० युनिट देते. म्हणजे दीड-दोन किलोवॅटमध्ये या शाळेचे भागते. त्याला जागा लागते दोनशे चौरस फूट आणि खर्च येतो लाख-सव्वा लाखाच्या घरात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या कमानींना याहून जास्त लागतात. तेव्हा निधी नाही हे कारण सांगू नका.

पण या छोट्या आकड्यातच खोच आहे. दोन किलोवॅटच्या कामासाठी चांगला ठेकेदार येत नाही. म्हणून जिल्हा पातळीवर शे-दोनशे शाळांचे एकत्र टेंडर निघते. उलाढालीच्या अटी अशा की स्थानिक वायरमन, आयटीआय झालेला पोरगा, छोटा दुकानदार यांनी दारात उभे राहू नये. काम लांबच्या कंपनीला, तिच्याकडून पोटठेकेदाराला, त्याच्याकडून आणखी कोणाला. बसवणारा शेवटचा माणूस दुसऱ्या दिवशी कुठे असतो ते कोणाला सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला की मुख्याध्यापक फोन करतो, फोन उचलणारा सांगतो की तक्रार पोर्टलवर टाका. पोर्टल उघडायला लाईट लागते.

सौर पंपाशी तुलना करून पाहा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी १० टक्के हिस्सा भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा. त्या योजनेतही ठेकेदार कमी त्रास देत नाहीत. पण पंप बंद पडला तर शेतकरी गप्प बसत नाही, कारण पीक त्याचे वाळते. तो ऑफिसात जाऊन बसतो, चारचौघांना घेऊन जातो. शाळेच्या पॅनेलचे पीक कोणाचे वाळते? बिल वाचले तर पैसे मुख्याध्यापकाच्या हातात उरत नाहीत, ते वरच्या खात्यात जिरतात. बिल वाढले तर ते भरण्याची चिंता मात्र त्याची. अशा व्यवहारात कोणी पॅनेल पुसायला शिडी लावील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

शाळेचे बिल भरतो कोण, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे अनुदान मिळते. ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. खडू, रजिस्टर, झाडू, दुरुस्ती, पाणी आणि वीज, सगळे यात. तेही वेळेवर आले तर. मधल्या काळात 'डिजिटल शाळा' झाल्या, लोकांनी वर्गणी काढून टीव्ही, प्रोजेक्टर आणले, गावात मिरवणुका निघाल्या. बिल वाढले, थकले, आणि ठिकठिकाणी बोर्डाने शाळांची लाईट कापली. (२००५ साली बोर्ड मोडून महावितरण झाले, पण कापायला येणाऱ्याला लोक अजून बोर्डवालाच म्हणतात.) ज्या सरकारने टीव्ही बघायला सांगितले त्याच सरकारच्या कंपनीने वायर काढून नेली. वर्षानुवर्षे शाळांना दुकानाच्या दराने बिले येत होती. २०१२ साली वीज नियामक आयोगाने सार्वजनिक सेवांचा वेगळा वर्ग केला तेव्हा कुठे थोडा फरक पडला.

थकबाकीदार शाळेला नेट मीटर मिळत नाही. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यानेच अर्ज करायचा. जोडणी कधी निवृत्त मुख्याध्यापकाच्या नावावर, कधी महापालिकेत विरून गेलेल्या ग्रामपंचायतीच्या नावावर. मेलेल्या ग्रामपंचायतीची सही कोठून आणायची? नाव बदलायचे तर थकबाकी भरा, जागेचा पुरावा द्या. जागेच्या पुराव्याशी आलो की आपण पुन्हा सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो.

नेट मीटर नसेल तर काय बिघडते, असे काही जण म्हणतात. फार बिघडते. ऊन सगळ्यात कडक एप्रिल-मे महिन्यात, आणि शाळा नेमकी तेव्हा बंद. रविवारी बंद, गणपतीत बंद, दिवाळीत बंद. नेट मीटर असेल तर बंद शाळेची वीज तारेतून बाहेर जाते आणि शाळेच्या खात्यावर जमा होते. हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे मे महिन्यात साठवलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या अंधाऱ्या दिवसांत, जेव्हा पॅनेलची वीज निम्म्यावर येते, तेव्हा वापरता येतात. शाळेला याहून सोयीचा हिशेब नाही. मार्चअखेर उरलेले युनिट कंपनी ठरलेल्या दराने घेते, म्हणून गरजेपेक्षा मोठे पॅनेल बसवण्यात मात्र शहाणपणा नाही. आणि नेट मीटर असले तरी स्थिर आकार सुटत नाही, तो दर महिन्याला भरावाच लागतो. 'बिल शून्य' असे भाषणात सांगणाऱ्यांनी निदान एक बिल उलटून पाहावे.

आणखी एक गोष्ट लोकांना आधी सांगितली जात नाही, आणि नंतर त्यावरून भांडणे होतात. नेट मीटरवरचे साधे पॅनेल लाईट गेली की बंद पडते. भर उन्हात, पॅनेल तळपत असताना, वर्गातला पंखा थांबतो. ही बिघाडाची खूण समजू नये. तारेत काम करणाऱ्या वायरमनला मागून शॉक बसू नये म्हणून यंत्र तसेच बनवलेले असते. नालासोपाऱ्यात लाईट किती वेळा जाते हे रहिवाशांना माहीत आहे. तेव्हा वीज खंडित झाल्यावरही पंखे चालावेत असे वाटत असेल तर बॅटरी लागते, आणि बॅटरी आली की खर्च आला. जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर, जिथे तार भरवशाची नाही, तिथे बॅटरीला पर्याय नाही हे मान्य. पण पाण्याच्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांत संपतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते, म्हणून त्याआधीही संपतात. नव्या बॅटरीची तरतूद कोणत्याच खात्यात नसते. मग पॅनेल छपरावर शाबूत, वायर शाबूत, आणि खाली खोलीत मेलेल्या बॅटऱ्या. योजनेच्या अहवालात ती शाळा 'सौर शाळा' म्हणून कायम राहते.

पाण्याचेही विसरून चालणार नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरार-नालासोपारा पाण्याखाली गेले. मिठागरांत माणसे अडकली, वीज उपकेंद्रात पाणी शिरून दिवसच्या दिवस लाईट नव्हती. तुळिंज रस्ता तर दर पावसाळ्यात भरतो. तरीही इन्व्हर्टर तळमजल्यावर, मुख्याध्यापकांच्या खोलीत, जमिनीपासून दीड फुटावर लावायचा आराखडा निघतो, कारण आराखडा काढणाऱ्याने गाव पाहिलेले नसते. खाऱ्या हवेत साधे रंगवलेले लोखंड पाच पावसाळे टिकत नाही. गरम जस्ताचा मुलामा दिलेलेच लोखंड हवे. हे टेंडरात लिहिलेले असते. बघायला कोणी जात नाही.

आम्ही अनुदानाचे भक्त नाही. पण सरकारचा न्याय बघा. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना आली. घरावर ३ किलोवॅट बसवले तर केंद्र ७८ हजार रुपये देते. ज्याच्या मालकीचे घर आणि मालकीची गच्ची त्याला. त्याच गल्लीतल्या शाळेला या अनुदानातला रुपयाही नाही. आधी संस्थांना अनुदान होते, २०१९ साली आलेल्या दुसऱ्या टप्प्यापासून ते फक्त घरांसाठी उरले. सरकारी इमारतींवर पॅनेल बसवण्याची उद्दिष्टे मात्र जाहीर होतात, पैसे आपापल्या खात्याने बघावेत. दुसरी वाट दाखवतात ती अशी की खाजगी कंपनी स्वखर्चाने पॅनेल बसवील, शाळेने युनिटप्रमाणे पैसे द्यावेत. करार वीस-पंचवीस वर्षांचा. जी शाळा उद्या कोणाची असेल हे माहीत नाही, जिचे बिल आजच थकलेले आहे, तिच्याशी पंचवीस वर्षांचा करार कोण करील? कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. आपणही अशा गिऱ्हाईकाला उधारीवर कांदा देत नाही.

जिथे मालक एक आहे तिथे काम होते, हेही दिसून आले आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. घरे, ग्रामपंचायत, शाळा, रस्त्यावरचे दिवे सगळे उन्हावर. छोटे गाव, एक ग्रामसभा, बिल आणि छप्पर एकाच टेबलावर. तुळिंजला ग्रामसभा राहिलेली नाही. जी होती ती शहराने गिळली, आणि वॉर्ड सभा नावाची गोष्ट लोकांनी अजून पाहिलेली नाही.

मग करायचे काय? पहिल्यांदा, जिल्हा परिषद आणि महापालिका यांनी शाळा कोणाची हा वाद हवा तितकी वर्षे घालावा, पण छपराचे आणि मीटरचे एक पत्र दोघांनी सही करून शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती द्यावे. शाळा उद्या कोणाकडेही गेली तरी हे पत्र चालेल, एवढे एक वाक्य त्यात असले म्हणजे पुरे. दोन सह्या आणि एक शिक्का, याला निधी लागत नाही. दुसरे, वाचलेल्या बिलाचे पैसे शाळेच्याच खात्यात राहू द्या. समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. त्यांच्या शाळेत दोन पंखे वाढले की शिडी लावून पॅनेल पुसणारा माणूस ते स्वतः शोधतील. तिसरे, टेंडर तालुक्याचे काढा, छोट्या माणसाला घेता येईल असे, आणि दर शाळेमागे दुरुस्तीची रक्कम आधी बँकेत ठेवा. पाचव्या वर्षी पॅनेल चालू दिसले तर ती ठेकेदाराला द्या.

सावलीतल्या शाळांचे काय? त्यांच्या छपरावर पॅनेल बसवण्याचा हट्ट सोडावा. दिल्लीत २०१९ पासून एका जागी वीज तयार करून दुसऱ्या जागेच्या बिलातून वजा करण्याची सोय आहे. वाडा-विक्रमगडकडच्या शाळांची मैदाने आणि छपरे उन्हात तळपत आहेत. तिथे बसवा, तुळिंजच्या शाळेच्या बिलातून वजा करा, आणि तिथल्या शाळेला जागेचे भाडे द्या. ही वाट शाळांना खुली करावी. शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या, तार एकाच महावितरणची, अडचण फक्त एका परिपत्रकाची.

एक मुद्दा मात्र नियमात आधीच मिळालेला आहे आणि कोणी वापरत नाही. जोडणीचा मंजूर भार १ किलोवॅट असेल तर २ किलोवॅटचे पॅनेल बसवता येत नाही, म्हणून शाळांचे अर्ज परत येत. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमात दुरुस्ती केली. १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा, आणि भार वाढवायचा असेल तर तो वितरण कंपनीने वाढवून द्यायचा. आपल्या बहुतेक शाळा या मर्यादेच्या खूप खाली आहेत. अर्ज परत आला तर कारण लेखी मागावे.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या, आपल्या वॉर्डातल्या शाळेचे शेवटचे वीज बिल, त्यावर नाव कोणाचे आहे आणि थकबाकी किती ते पाहून, आणि शाळेच्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, एवढे दोन कागद घेऊन यावे. तुळिंजच्या मंडळींनी दुपारी बारा वाजता शाळेच्या छपरावर सावली कुठवर येते तेही पाहून यावे. यादी त्याच दिवशी बैठकीत करू आणि कलेक्टरांकडे तीच घेऊन जाऊ.